उसनी उंची

एअर सस्पेन्शनची गाडी घेऊ पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा, की बटण दाबल्यावर गाडी किती वर येते? प्रश्न स्वाभाविक आहे. जाहिरातीत तेच दाखवतात. उभी गाडी सावकाश उठते, चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा वाढते, आणि आता दगड आला काय नि ओढा आला काय, काही अडत नाही असं बघणाऱ्याला वाटतं. आकडेही खोटे नसतात. २०२० मध्ये बाजारात आलेल्या लँड रोव्हर डिफेंडर ११० चा ग्राउंड क्लिअरन्स नेहमीच्या उंचीला २१८ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तीच गाडी ऑफ-रोड उंचीला नेली की २९१. वाढ सात सेंटीमीटरहून जास्त. पण या गाड्यांच्या खाली काम करण्यात वर्षं गेली की प्रश्नाचा रोखच चुकलाय असं वाटायला लागतं. हवेच्या स्प्रिंगची खरी कमाई गाडी वर नेण्यात नाही. ती खाली आणण्यात आहे, आणि त्याहून अधिक, ओझं कमीजास्त झालं तरी गाडी एकाच पातळीवर धरून ठेवण्यात आहे. वर मिळालेली उंची उसनी असते. ज्या सस्पेन्शनकडून ती घेतली तेच तिची वसुली करतं, आणि वसुलीची वेळ बहुधा आपल्या गैरसोयीची असते.

आधी साधा हिशोब. चाकाला वर-खाली व्हायला एकूण किती जागा आहे हे शॉकअपची लांबी, कंट्रोल आर्म आणि बंप स्टॉप ठरवतात. बलूनमध्ये, म्हणजे हवेच्या स्प्रिंगमध्ये, हवा भरल्याने ती जागा तसूभरही वाढत नाही, तिची वाटणी तेवढी बदलते. समजा एखाद्या गाडीत चाकाचा एकूण प्रवास २६० मिलिमीटर आहे आणि नेहमीच्या उंचीला तो निम्मानिम्मा वाटलेला आहे, म्हणजे १३० वर जायला आणि १३० खाली उतरायला. बॉडी ७५ मिलिमीटर उचलली की चाकाला वर जायला २०५ मिळतात, पण खाली उतरायला उरतात फक्त ५५. रस्ता सोडल्यावर चाकाला जितकं वर जावं लागतं तितकंच, किंबहुना जास्तच, खाली उतरावं लागतं, कारण पकड मिळते ती जमिनीला टेकलेल्या चाकाला. वरच्या उंचीला गाडी टणक वाटते तेव्हा मालक म्हणतात, हवा जास्त झाली, बलूनचा दगड झालाय. तसं नसतं. बलूनमधला दाब म्हणजे त्याच्यावरचं वजन भागिले त्याचं कामाचं क्षेत्रफळ. उंची बदलली म्हणून गाडीचं वजन बदलत नाही, त्यामुळे दाबही ढोबळमानाने तेवढाच राहतो. जास्तीची हवा गेली ती वाढलेली जागा भरायला. धक्का बसतो तो वेगळ्या कारणाने. खड्ड्यात चाक उतरायला जातं, पाच सेंटीमीटरमध्येच शॉकअप पूर्ण ताणला जातो, आणि आतला स्टॉप खाडकन लागतो. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की ड्रायव्हर कुठल्या उंचीवर चालवतोय हे गाडीत बसून डोळे मिटूनही सांगता येतं. बहुतेक कंपन्या ताशी ५० किलोमीटरच्या आसपास गाडी आपोआप खाली आणतात त्यामागे एक कारण हेच आहे. खडबडीत पण सरळ वाटेवर साठने जायची इच्छा असलेल्यांना ते जाचतं, पण त्या वेगाला वरची उंची धरून ठेवली तर शॉकअप फार टिकत नाहीत.

तिरप्या चरांवर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. कोकणातल्या जांभ्याच्या वाटांवर पावसाचं पाणी वाट ओलांडून तिरकं वाहतं आणि गुडघाभर खोल चर पाडून जातं. गाडी त्यात शिरली की एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं अशी दोन चाकं एकाच वेळी खाली उतरू पाहतात. गाडी सर्वांत वरच्या उंचीवर असेल तर ती दोन्ही चाकं लगेच आपल्या शेवटाला पोचतात आणि जमिनीपासून वितभर वर तरंगत राहतात. डिफरन्शियल लॉक नसेल तर इंजिनाची ताकद वाट सोपी बघून त्या मोकळ्या चाकांतच जाते. मग ट्रॅक्शन कंट्रोल करकर आवाज करत त्यांना ब्रेक लावतं, थोडी ताकद टेकलेल्या चाकांकडे वळते आणि गाडी झटक्याने पुढे सरकते. हेच चर मधल्या उंचीला पार केले तर चाकं जमीन सोडत नाहीत, किंवा अगदी शेवटी सोडतात, आणि ट्रॅक्शन कंट्रोलला फारसं बोलावंच लागत नाही. पोटाखाली जागा कमी असते हे खरं. पण चरात पोट घासण्याआधी चाकं अधांतरी होणं हे वारंवार घडतं, पोट टेकणं त्या मानाने क्वचित.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. २००२ च्या आसपासच्या तिसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरपासून आणि २००४ च्या डिस्कव्हरी ३ पासून एका एक्सलच्या डाव्या-उजव्या बलूनना व्हॉल्व्हमधून एकमेकांशी जोडण्याची सोय आली. रस्त्यावर हा मार्ग बंद असतो, तिरप्या चरात उघडतो. एक चाक वर दाबलं गेलं की त्या बलूनमधली हवा पलीकडच्या बलूनमध्ये जाते आणि पलीकडचं चाक खाली ढकललं जातं. चारही चाकं स्वतंत्र असलेली गाडी यामुळे बरीचशी अखंड एक्सलच्या गाडीसारखी वागते. कल्पना सुरेख आहे, आणि ती चालते. पण पलीकडचं चाक खाली ढकलायला खाली जागा हवी. सर्वांत वरच्या उंचीला ती जागा आधीच खर्च झालेली असते, त्यामुळे इतक्या हुशार व्हॉल्व्हला तिथे करायला काम उरत नाही. म्हणजे या सोयीचा पुरेपूर फायदा मिळतो तो गाडी पूर्ण वर नसताना.

उंचीला काहीच अर्थ नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ट्रॅक्टरने दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडून मध्ये उंचवटा सोडलेली शेतवाट असेल, तर पोट वाचवायला दुसरा उपाय नाही. पाण्यातही तेच. एअर सस्पेन्शनच्या डिफेंडरला ९०० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं कंपनी सांगते ते वरच्या उंचीच्या भरवशावर. चढाच्या तोंडाशी बंपर वाचवायचा असेल तर ३८ अंशांचा अप्रोच अँगलही तिथेच मिळतो. गाडी पोटावर टेकून चाकं मोकळी फिरायला लागली, तर कंट्रोलर आणखी थोडी हवा भरून तिला सोडवू बघतो, आणि पुष्कळदा सोडवतोही. पण या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. ते काही मीटरांचे असतात. उंची घ्यावी, अडचण ओलांडावी आणि परत द्यावी. दिवसभर वरच्या उंचीवर फिरणाऱ्याला तीन गोष्टींची किंमत मोजावी लागते. चाकाची खाली उतरायची जागा गेली हे वर आलंच. दुसरं, हाफ शाफ्ट तिरपे होतात आणि सीव्ही जॉइंट त्या कोनात ताकद वाहतात. स्टीअरिंग पूर्ण वळवून चढावर ॲक्सिलरेटर दाबला की त्यांच्यावर काय बेततं ते फाटलेले रबरी बूट आणि बाहेर उडालेलं ग्रीस सांगतं. तिसरं, गुरुत्वमध्य. दोन चाकांतलं अंतर १.७ मीटर आणि गुरुत्वमध्य ७५ सेंटीमीटरवर धरला, तर कागदावर गाडी ४८ अंशांच्या थोडं पुढे कलल्यावर उलटते. गुरुत्वमध्य साडेसात सेंटीमीटर वर नेला की तोच कोन ४६ च्या आत येतो. कागदावरचे हे अडीच-तीन अंश किरकोळ वाटतील. पण प्रत्यक्षात गाडी कागदावरच्यासारखी ताठ नसते. ती उताराच्या बाजूला झुकते, खालचं चाक एखाद्या खळग्यात जातं, वरचं एखाद्या धोंड्यावर चढतं, आणि कॅरियरवर तंबू बांधलेला असतो. डोंगराच्या कुशीतल्या आडव्या वाटेवर वरची उंची घेऊन चालणं याला धाडस म्हणता येईल, कौशल्य नाही.

ही यंत्रणा ऑफ-रोड गाडीत कशी आली हे पाहिलं तरी माझं म्हणणं पुष्ट होतं. इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन रेंज रोव्हरमध्ये पहिल्यांदा आलं ते १९९२ मध्ये, लांब व्हीलबेसच्या आलिशान एलएसई या आवृत्तीबरोबर. १९९४ च्या दुसऱ्या पिढीत ते कायम झालं. या दोन्ही गाड्यांना पुढेमागे अखंड एक्सल होते. अखंड एक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा फुगीर गोळा एक्सलवरच असतो, बॉडीला टांगलेला नसतो. बॉडी कितीही वर न्या, गोळा जिथल्या तिथे. तो वर न्यायचा तर मोठे टायरच लावावे लागतात. म्हणजे पहिली दहा वर्षं या बटणाने गाडीच्या सर्वांत खालच्या भागाला एक मिलिमीटरसुद्धा वर नेलं नव्हतं. वाढत होते ते कोन आणि पोटाखालची जागा. मग ते इंजिनिअर कशासाठी खपले? माणसांना चढता-उतरताना गाडी खाली बसावी म्हणून. महामार्गावर वीसेक मिलिमीटर खाली येऊन वारा कमी खावा म्हणून. आणि मागे ओझं किंवा ट्रेलर आला तरी हेडलाइट आभाळाकडे बघू नयेत म्हणून. त्याच काळात त्याच कारखान्यातून निघणारी जुनी डिफेंडर, जी शेतात, खाणीत आणि लष्करात राबत होती, ती मात्र २०१६ मध्ये बंद होईपर्यंत कॉइल स्प्रिंगवरच राहिली. चिखलात चालायला हवा लागते असं तिच्या निर्मात्यांना कधी वाटलं नाही. चिखलात खरोखर उपयोगी पडणारी हवा टायरमधली, आणि तीही भरून नव्हे तर सोडून. ३२ पीएसआयवरून १८ वर आलेला टायर जमिनीला जी पकड देतो ती सस्पेन्शनच्या कुठल्याही बटणाने मिळत नाही. त्यासाठी दोनशे रुपयांचा गेज पुरतो.

ओझ्याचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच शोरूममध्ये कोणी विचारत नाही. आकड्यांत पाहू. मागच्या एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि कॉइल अशी निवडली आहे की गाडी सेकंदाला दीड वेळा डोलते. अशा कॉइलचा कडकपणा मिलिमीटरला ४४ न्यूटनच्या जवळपास येतो. आता मागे तीन माणसं बसली, सामान आलं, पाण्याचे कॅन आले, टाकी पूर्ण भरली, आणि त्या चाकावर आणखी १५० किलो पडले. गाडी ३३ मिलिमीटर खाली बसते. ऑफ-रोडला जाण्याआधीच, घराच्या फाटकात, तीन सेंटीमीटर क्लिअरन्स गेला. शिवाय डोलण्याची लय मंदावते, जुने शॉकअप असले तर मागचा भाग होडीसारखा हलायला लागतो. यावर कॉइलवाल्यांचा ठरलेला इलाज म्हणजे जाड स्प्रिंग. तो लागू पडतो, पण मग रोज एकट्याने ऑफिसला जाताना तीच जाड स्प्रिंग मणक्याला जाणवते. कॉइलला एकच भार माहीत असतो, त्याच्या अलीकडे ती टणक आणि पलीकडे ढिली. हवेचं तसं नाही. भार वाढला की उंची राखायला दाब वाढवला जातो, आणि दाब वाढला की त्याच प्रमाणात स्प्रिंग कडक होते. त्यामुळे रिकामी असो की भरलेली, डोलण्याची लय जवळजवळ तीच राहते आणि चाकाच्या प्रवासाची वाटणीही बिघडत नाही. जो माणूस पुण्याहून सहाशे किलोमीटर डांबरावर जाऊन शेवटचे वीस किलोमीटर मातीत घालवतो, कुटुंब आणि आठवड्याचं सामान घेऊन, त्याला हवेची स्प्रिंग जे देते ते दुसरं काही देत नाही. जो गाडी रिकामी ठेवून रविवारी फक्त दगडांवर चढवतो, त्याने हे पैसे डिफरन्शियल लॉकवर आणि चांगल्या टायरवर घालावेत. फोर्स गुरखा पुढे-मागे दोन्ही लॉक देते आणि चारी कोपऱ्यांना कॉइलवर उभी असते. थार आणि जिम्नीही कॉइलवरच आहेत. त्यात त्यांचं काही उणं नाही.

दुसरा आक्षेप जास्त ठसक्याने घेतला जातो. हवा म्हणजे भानगड, आज ना उद्या गाडी रस्त्यात बसणार. याला इतिहासाचा आधारही आहे. अमेरिकेत १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोरॅडो ब्रॉहॅममध्ये चारी चाकांना हवा होती. ती इतकी गळायची की अनेक मालकांनी ती काढून कॉइल बसवून घेतल्या. पण मग एक प्रश्न उरतो. तीच हवा महाराष्ट्रातल्या बसेसमध्ये लाखो किलोमीटर कशी टिकते? मुंबई-पुणे मार्गावर शिवनेरी बस धावायला लागल्यापासून या राज्यात एअर सस्पेन्शन ही गोष्ट ड्रायव्हर-क्लीनरपर्यंत सगळ्यांच्या ओळखीची आहे. बसमध्ये कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, कारण ब्रेकसाठी हवा तशीही हवीच असते. तो दिवसभर न दमता हवा देतो. उंची सांभाळायला सेन्सर-कंट्रोलर लागतातच असं नाही, एका दांडीला जोडलेला साधा लेव्हलिंग व्हॉल्व्ह बहुतेकदा ते काम करतो. टाक्यांतलं पाणी सोडून देण्याचा शिरस्ता असतो. आणि मुख्य म्हणजे बलून हा टायरसारखाच झिजणारा भाग आहे हे तिथे सगळ्यांना मान्य असतं. फुटायची वाट न बघता तो बदलला जातो. मोटारीत यातलं एकही नसतं. बारा व्होल्टवर चालणारा मुठीएवढ्या सिलिंडरचा छोटा कॉम्प्रेसर असतो, थोडा वेळ चालून विश्रांती घ्यावी अशा बेताने बनवलेला. मालकाला वाटतं गाडी महाग आहे म्हणजे बलून आयुष्यभराचा. दोष हवेचा कमी आणि या समजुतीचा जास्त.

मोटारीत बिघाड होतो तो बहुधा एकाच वाटेने, आणि ती वाट समजून घेण्यासारखी आहे. बलूनचं रबर खालच्या पिस्टनवर पायमोजा उलटा गुंडाळावा तसं दुमडलेलं असतं. गाडी वर-खाली होते तशी ही घडी सरकते. घडीत बारीक धूळ आणि वाळू अडकते, तिथेच रबर घासतं, आणि काही वर्षांनी बारीक भेगांची जाळी दिसायला लागते. गाडी नेहमीच्या उंचीला असताना नेमकी हीच जागा आत लपते. म्हणून लिकेज शोधायला गाडी वरच्या उंचीला नेऊन, घडी उलगडल्यावर, साबणाचं पाणी मारायचं असतं. तसं न करता चारी बलून धुतले आणि एकही बुडबुडा आला नाही म्हणून गाडी परत दिली, असं गॅरेजात सर्रास होतं. आता ही भेग अगदी सूक्ष्म असेल, रात्रभरात सेंटीमीटरभरच गाडी उतरत असेल, तर मालक दुर्लक्ष करतो, सकाळी कॉम्प्रेसर घरघरतो आणि गाडी उठते. पण आत दोन गोष्टी चालू असतात. एक सर्वांना कळते, की कॉम्प्रेसर रोज जास्त वेळ चालतो, तापतो, त्याची पिस्टन रिंग झिजते. दुसरी सहसा कळत नाही. बाहेरची हवा दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होतं, ते शोषायला कॉम्प्रेसरपाशी ड्रायर असतो. हा ड्रायर वाळतो कसा? गाडी खाली येताना बलूनमधली कोरडी हवा त्याच्यातूनच उलटी बाहेर जाते आणि साठलेला ओलावा घेऊन जाते. बलूनच्या भेगेतून निसटलेली हवा मात्र ड्रायरकडे परत येतच नाही. म्हणजे भेग असलेल्या गाडीत ओली हवा आत जास्त येते आणि ड्रायर सुकवणारी हवा त्या मानाने कमी परतते. हळूहळू ड्रायर भिजून जातो, त्याचे दाणे फुटून भुगा होतो, आणि तो भुगा बलूनना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन बसतो. एका बलूनची भेग अशी कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक दोन्ही घेऊन जाते. मग बिल बघून मालक म्हणतो, हवा म्हणजे भानगड.

मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात भिजलेला हा ड्रायर घेऊन गाडी लडाखला निघाली की पुढचा अंक सुरू होतो. खारदुंगला खिंड ५,३५९ मीटरवर आहे आणि तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. कॉम्प्रेसरच्या एका फेऱ्यात आत येणारी हवाही निम्मीच, म्हणजे त्याच कामाला दुप्पट वेळ. त्याच वेळी थंडीने बलूनमधली हवा आकसलेली असते. घरच्या ३० अंशांवरून उणे १० वर गेल्यावर हवेचं आकारमान आठव्या हिश्शाने कमी होतं, गाडी बसते आणि सेन्सर कॉम्प्रेसरला हाक मारतो. निरोगी यंत्रणा हे निभावून नेते. आजारी असेल तर कॉम्प्रेसर तापून स्वतःला बंद करतो, किंवा व्हॉल्व्हमध्ये साठलेलं पाणी गोठतं आणि एखादा कोपरा उठायचा राहतो. लोक याला लडाखची थंडी म्हणतात. खरं कारण दोन महिने आधी, घरच्या पार्किंगमध्ये, तयार झालेलं असतं.

तरी आक्षेपातला एक भाग शिल्लक राहतोच. मदत मिळणार नाही अशा जागी कॉइल तुटली तरी गाडी रखडत का होईना चालते, बलून फाटला तर बंप स्टॉपवर येते. हे खरं आहे आणि कितीही युक्तिवाद केला तरी बदलत नाही. काहीजण बलूनच्या नळ्यांना टायरसारखे व्हॉल्व्ह जोडून ठेवतात, कंट्रोलर किंवा कॉम्प्रेसर गेला तर टायरच्या पंपाने हवा भरून घरी येता येतं. बलूनच फाटला असेल तर त्याचाही उपयोग नाही. म्हणून वाळवंटात एकट्याने जाणाऱ्याने कॉइल निवडली तर त्याला भित्रा म्हणायचं कारण नाही. मर्सिडीजची जी-क्लास आणि टोयोटाची लँड क्रूझर ३००, दोन्ही कॉइलवर आहेत. पैशाची अडचण असण्याइतक्या स्वस्त त्या नक्कीच नाहीत. उलट आखाती वाळवंट हेच ज्या गाडीचं घर, त्या निसान पेट्रोलच्या २०२४ च्या नव्या पिढीत एअर सस्पेन्शन आलं. वाळवंटातही तिचा बहुतेक वापर सहा-आठ माणसं भरून गुळगुळीत महामार्गावर होतो, हे लक्षात घेतलं की तो निर्णय कोड्यात टाकत नाही.

बाहेरून बसवायच्या किटबद्दल थोडक्यात. भारतात गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बंधनं घालतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती ठामपणे अधोरेखित केली, तेव्हा संपूर्ण यंत्रणा बाजारातून आणून बसवणं हा विषय इथेच संपतो. पिकअपच्या पाट्यांना, म्हणजे लीफ स्प्रिंगना, मदत म्हणून चेसिस आणि एक्सल यांच्यामध्ये बसवायचे बलून निरुपद्रवी वाटतात, पण ऑस्ट्रेलियात डबल-कॅब पिकअपच्या वाकलेल्या चेसिसच्या चर्चेत त्यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं, ते उगाच नाही. पाटा आपला भार पुढच्या आणि मागच्या टोकाला, दोन ठिकाणी वाटून देतो. बलून तो एक्सलच्या बरोबर वर, चेसिसच्या एकाच जागी देतो. मागे ट्रेलर आणि भरगच्च हौदा लटकत असेल तर चेसिस तिथेच वाकतं. मागचं टोक उचललेलं दिसतं, म्हणून भार पेलला गेला असा समज होतो. गाडीची क्षमता मात्र बलूनने एका किलोनेही वाढलेली नसते.

जुन्या बाजारात आता अशा गाड्या बऱ्याच येतात, आणि २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यातच होऊ लागल्याने पुढे आणखी येतील. त्या घेताना गॅरेजवाल्यांची एक जुनी पद्धत उपयोगी आहे. गाडी सपाट जागी रात्रभर उभी करावी आणि चारी मडगार्डच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवावं. पण त्याआधी सस्पेन्शनचा फ्यूज काढावा. नाहीतर काही गाड्यांचा कंट्रोलर रात्री मधूनमधून जागा होतो आणि सर्वांत खाली आलेल्या कोपऱ्याशी बाकीचे तीन जुळवून घेतो. सकाळी गाडी अगदी समतल दिसते आणि लिकेज कुठे आहे ते कळत नाही. फ्यूज काढलेला असेल तर टेप खरं सांगतो. एकच कोपरा बसला असेल तर तिथला बलून किंवा नळीचा सांधा. एका एक्सलचे दोन्ही बसले असतील तर आधी त्यांचा व्हॉल्व्ह ब्लॉक बघावा. चारी सारखेच चार-पाच मिलिमीटर उतरले असतील, तर रात्रीच्या गारव्याने हवा आकसली एवढंच, त्यासाठी किंमत पाडून मागू नये.